संस्थेबाहेरील ध्यानशिक्षण : विद्या कोणाची, नाव कोणाचे आणि उत्तरदायित्व कोणाचे?

आयुर्वेदाने मनाच्या चिकित्सेस औषधिचिकित्सेच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या म्हणजे तिस्रैषणीय अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. अहितकर विषयांपासून मनास आवरून धरणे हे त्यांतील तिसऱ्या प्रकाराचे स्वरूप होय. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मानस दोषांच्या उपचारांत ज्ञान, विज्ञान, धैर्य आणि स्मृती यांच्यासमवेत समाधीचाही समावेश केलेला आढळतो. त्यामुळे अनिद्रा, उच्च रक्तदाब, अम्लपित्त, चिंता इत्यादी तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णास वैद्याने ध्यानाचा सल्ला देणे हे सर्वस्वी शास्त्रसंमत आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ‘वैद्यराज, ध्यान शिकावयाचे कोणाकडे?’ असे रुग्ण विचारतो, तेव्हा आपण काय उत्तर द्यावे?

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या चिकित्सालयाच्या दारी निराळ्या रूपाने आला. एका मोठ्या ध्यानसंस्थेत तीस वर्षांपूर्वी रीतसर प्रशिक्षण घेतलेले, पुढे संस्थेपासून दूर झालेले एक वयोवृद्ध शिक्षक आमच्याकडे आले. आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीत दर रविवारी रुग्णांना ध्यान शिकविण्याची त्यांची इच्छा होती. शुल्क नाममात्र होते, वृत्ती सात्त्विक होती आणि वाणी प्रसन्न होती. मात्र त्यांनी सोबत आणलेल्या पत्रकावर संस्थेचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्याखाली रक्तदाब, मधुमेह व हृद्रोग यांवरील ‘शास्त्रसिद्ध’ लाभांची यादी होती. खोली द्यावी की न द्यावी, हा निर्णय करण्यासाठी आम्हांस जो अभ्यास करावा लागला, तोच प्रस्तुत लेखात वैद्यवर्ग आणि औषधालयचालक यांच्यासमोर मांडीत आहोत.

भावातीत ध्यान : एक उदाहरण

संस्था आणि पद्धती यांचे नाते समजून घेण्यास भावातीत ध्यानाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते. ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य महर्षी महेश योगी यांनी गुरूंच्या १९५३ मधील महानिर्वाणानंतर काही काळ उत्तरकाशी येथे घालविला आणि १९५५ च्या सुमारास जाहीर उपदेशास प्रारंभ केला. पुढे मद्रास येथे त्यांनी आध्यात्मिक पुनरुत्थानाची चळवळ घोषित केली आणि १९५८ पासून जगभर प्रवास सुरू केला. १९६१ मध्ये हृषीकेश येथे शिक्षकांचा पहिला प्रशिक्षणवर्ग झाला. १९६८ मध्ये बीटल्स हे गायकवृंद हृषीकेशास आल्यावर या ध्यानाचे नाव जगभर घरोघरी पोहोचले. महर्षींचे देहावसान ५ फेब्रुवारी २००८ रोजी नेदरलँड्समधील व्लोड्रॉप येथे झाले.

या पद्धतीचा अभ्यास बाह्यतः अत्यंत सोपा आहे. दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटे, सुखासनात डोळे मिटून बसावयाचे आणि दिलेल्या मंत्राचा मनातल्या मनात, कोणताही प्रयास न करता आश्रय घ्यावयाचा. शिक्षणाची रचना मात्र काटेकोर आहे. प्रारंभिक व्याख्यान, पूर्वतयारीचे व्याख्यान, वैयक्तिक मुलाखत, वैयक्तिक दीक्षा आणि त्यानंतर लागोपाठ तीन दिवस अभ्यासाची तपासणी अशा सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. दीक्षेच्या वेळी शिक्षक गुरुपरंपरेची संस्कृत पूजा करतो. शिकणाऱ्याने फळे, फुले आणि पांढरा रुमाल आणावयाचा असतो. मिळालेला मंत्र कोणास सांगावयाचा नसतो.

या रचनेमुळे दोन गोष्टी साधल्या. जगाच्या कोणत्याही देशात एकाच प्रकारे शिक्षण मिळू लागले आणि त्यामुळे संशोधकांना समान पद्धतीने शिकलेले साधक उपलब्ध झाले. रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा शोधनिबंध १९७० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यामागे ही सोय होतीच. परंतु याच रचनेमुळे पद्धती, नाव आणि शिकविण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या हाती एकवटल्या. शुल्कही वाढत गेले. इ.स. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रौढांसाठी ते २,५०० डॉलरपर्यंत पोहोचले होते. नंतर ते उतरविण्यात आले व उत्पन्नानुसार आकारण्याची पद्धत आली.

संस्थेबाहेर पडलेले प्रवाह

संस्थेपासून स्वतंत्रपणे शिकविणाऱ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग नवे नाव आणि नवी रचना घेऊन उभ्या राहिलेल्यांचा. नॉर्वेमध्ये १९६६ साली स्थापन झालेली ‘आकेम’ ही संस्था आरंभी महर्षींच्या चळवळीशी संबंधित होती. १९७२ मध्ये ती अलग झाली आणि पूजा वगैरे विधी वगळून तिने स्वतःची शिक्षकप्रशिक्षण पद्धती घडविली. महर्षींच्या सहवासात राहिलेले श्री श्री रविशंकर यांनी पुढे ‘आर्ट ऑफ लिव्हिंग’ची स्थापना केली, तेथे ‘सहज समाधी ध्यान’ या नावाने मंत्राधिष्ठित ध्यान शिकविले जाते. महर्षींच्या आयुर्वेदविषयक कार्यात अग्रभागी असलेले डॉ. दीपक चोप्रा यांनीही १९९० च्या दशकात संस्था सोडून ‘प्रायमॉर्डियल साउंड मेडिटेशन’ हा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला.

दुसरा वर्ग संशोधकांचा. महर्षींच्या साधकांवर वॉलेस यांच्यासमवेत अभ्यास करणारे हार्वर्डचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे प्रतिपादिले की, एखादा शब्द वा ध्वनी यांची शांतपणे आवृत्ती आणि आलेल्या विचारांकडे दुर्लक्ष करण्याची वृत्ती एवढ्यानेही शरीरात विश्रांतीची तीच प्रतिक्रिया उत्पन्न होते. त्यांच्या पद्धतीत दीक्षा नाही, गुप्तता नाही आणि संस्थाही नाही. त्याच दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॅरिंग्टन यांनी चिकित्सालयीन उपयोगासाठी स्वतंत्र मंत्रध्यानपद्धती सिद्ध केली.

तिसरा वर्ग आमच्याकडे आलेल्या गृहस्थांचा. संस्थेत शिकलेले, संस्थेची पद्धती जशीच्या तशी शिकविणारे, परंतु आज संस्थेच्या आज्ञेत नसलेले हे शिक्षक होत. पाश्चात्त्य देशांत अशांपैकी अनेकजण ‘वेदिक मेडिटेशन’ या नावाने शिकवितात. वाद प्रामुख्याने या तिसऱ्या वर्गाविषयी उद्भवतो.

शास्त्रोक्त योग आणि नोंदणीकृत नाव

औषधालयचालकांना हा वाद समजण्यास फारसे सायास पडू नयेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत नमूद केलेल्या ग्रंथांतील पाठानुसार च्यवनप्राश तयार करण्याचा परवाना कोणीही पात्र उत्पादक घेऊ शकतो. च्यवनप्राश हा योग कोणाच्या मालकीचा नाही. परंतु एखाद्या निर्माणशाळेने आपल्या च्यवनप्राशास दिलेले नोंदणीकृत नाव, त्याच्या वेष्टनाची रचना आणि माहितीपत्रकातील मजकूर हे त्या निर्माणशाळेचे असतात. योग सर्वांचा, नाव एकाचे. आणि डबीतील मालाच्या शुद्धतेचे उत्तरदायित्व ज्याचे नाव डबीवर आहे त्याचे. ध्यानशिक्षणाच्या वादातही हेच तीन धागे वेगवेगळे करून पाहावे लागतात.

न्यायालयांनी आजवर दिलेले निर्णयही याच दिशेचे आहेत. परमहंस योगानंद यांनी १९२० मध्ये स्थापिलेल्या सेल्फ-रिअलायझेशन फेलोशिपने, संस्थेतून बाहेर पडलेल्या शिष्याच्या ‘आनंद’ या संघाविरुद्ध १९९० मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला. १९९५ मधील अपील न्यायालयाच्या निर्णयानुसार ‘सेल्फ-रिअलायझेशन’ म्हणजे आत्मसाक्षात्कार या शब्दावर संस्थेस मक्तेदारी सांगता आली नाही. विक्रम चौधरी यांच्या सव्वीस आसने आणि दोन श्वसनक्रिया यांच्या ठरावीक क्रमाविषयीचा दावा त्यांच्याकडेच शिकलेल्या शिक्षकांविरुद्ध होता. त्यात अपील न्यायालयाने २०१५ मध्ये असे ठरविले की, आरोग्यासाठी करावयाच्या क्रियांची पद्धती ही प्रताधिकाराची वस्तू होऊ शकत नाही. पद्धतीचे वर्णन करणारे पुस्तक मात्र होऊ शकते.

आपल्या देशातील महत्त्वाचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. प्राणिक हीलिंग या पद्धतीचे प्रवर्तक चोआ कोक सुई यांच्या परंपरेतील इन्स्टिट्यूट फॉर इनर स्टडीज या संस्थेने, आपल्या अनुमतीवाचून ही पद्धती शिकविणाऱ्यांविरुद्ध दावा केला होता. जानेवारी २०१४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने पुस्तकाच्या शब्दरचनेवरील हक्क आणि पुस्तकात वर्णिलेली प्रत्यक्ष क्रिया यांत स्पष्ट भेद केला. पुस्तक वाचून त्यानुसार क्रिया करणे वा करविणे हा पुस्तकाच्या प्रताधिकाराचा भंग होत नाही, तसेच प्राणायाम व आसने यांसारख्या परंपरागत ज्ञानावर एकाधिकार सांगता येत नाही, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले आणि ‘प्राणिक हीलिंग’ या वर्णनपर शब्दावरही संस्थेस एकाधिकार देण्यास नकार दिला. हळदीवरील अमेरिकन एकस्व १९९७ मध्ये रद्द झाल्याचे आणि २००१ पासून परंपरागत ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिल्याचे आपणा सर्वांस स्मरत असेलच. त्यामागील तत्त्वच येथे मनाच्या विद्येस लागू झाले आहे.

परंतु यावरून सर्व काही मोकळे आहे असा अर्थ काढणे घातक ठरेल. ‘आत्मसाक्षात्कार’ वा ‘प्राण’ हे शब्द वर्णनपर असल्याने मोकळे राहिले. भावातीत ध्यानाचे इंग्रजी नाव अमेरिकेसह अनेक देशांत नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. २०११ मध्ये महर्षी फाउंडेशनने अमेरिकेतील आयोवा राज्याच्या संघीय न्यायालयात एका स्वतंत्र शिक्षण केंद्राविरुद्ध दावा दाखल केला. त्यातील आक्षेप नाव आणि जाहिरातीविषयी होता. आपण तेच शिकवितो असे भासविणे आणि संस्थेच्या पद्धतीवरील संशोधन आपल्या प्रचारासाठी वापरणे, हे त्यातील मुद्दे होते.

करारांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘संस्थेबाहेर शिकविणार नाही’ असे लेखी वचन प्रशिक्षणार्थींकडून घेण्याची प्रथा अनेक संस्थांत आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २७ नुसार एखाद्यास विधिसंमत व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार, काही अपवाद सोडून, त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. मात्र गोपनीय पाठ्यसामग्री उघड न करण्याच्या अटीचा विचार स्वतंत्रपणे होतो. असे वचन दिलेल्या शिक्षकास जागा देण्यापूर्वी कायदेतज्ज्ञाचे मत घ्यावे, हे बरे. आणि कायदा काहीही म्हणो, दिलेल्या शब्दाचा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या मनाशी सोडवावयाचा असतो.

संशोधनाचा दाखला कोणास देता येईल?

वैद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये रक्तदाबावरील औषधेतर उपायांविषयी शास्त्रीय निवेदन प्रसिद्ध केले. त्यात भावातीत ध्यानाचा रक्तदाब उतरविण्यासाठी विचार करता येईल, असे मर्यादित स्वरूपाचे अनुकूल मत दिले गेले आणि अन्य ध्यानपद्धतींसाठी तशी शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले गेले. त्याच असोसिएशनच्या २०१७ च्या निवेदनात ध्यानाचा विचार मान्यताप्राप्त उपचारांच्या जोडीनेच करावा, अशी भूमिका आहे. दुसरीकडे २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर समीक्षेत ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्ती यांचा विचार झाला. तीत चिंता, विषाद व वेदना यांसाठी सजगता ध्यानाचा मध्यम दर्जाचा पुरावा आढळला, तर मंत्रध्यानाचा पुरावा अल्प अथवा अपुरा ठरला.

यावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, संस्थेच्या प्रमाणित शिक्षकांनी शिकविलेल्या साधकांवरील निष्कर्ष स्वतंत्र शिक्षकाने आपल्या पत्रकावर सरसकट छापणे योग्य नाही. दुसऱ्या निर्माणशाळेच्या औषधावर झालेली चाचणी आपल्या डबीवर छापण्यासारखेच ते आहे. दोन, लाभाचे कारण शिक्षकाचे प्रमाणपत्रच आहे असेही त्यातून सिद्ध होत नाही. कारण प्रमाणित आणि स्वतंत्र शिक्षक यांची तुलना हा या चाचण्यांचा विषय नव्हता. तीन, सर्वांत अनुकूल पुरावाही ‘औषधासोबत विचार करता येईल’ एवढेच सांगतो. औषध सोडून ध्यान, असे सांगण्यास कोठेही आधार नाही.

हितसंबंधांची स्पष्टताही तितकीच आवश्यक आहे. मे १९९१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात महर्षी आयुर्वेदाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. लेखकांचे संबंधित संस्थांशी असलेले संबंध पुरेसे उघड केले गेले नव्हते, म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपादकांना त्याविषयी दुरुस्ती छापावी लागली. आयुर्वेदाच्या दृष्टीने ही घटना क्लेशदायक होती. ज्या शिक्षकाकडे आपण रुग्ण पाठवितो, त्याच्याकडून आपणास भाडे वा अन्य लाभ मिळत असेल, तर ते रुग्णास सांगणे हा त्यातून घ्यावयाचा धडा होय.

परंपरेची बाजू

संस्थेच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मनाची विद्या हातोहाती जाताना पातळ होते. एकाने प्रयासाविना म्हटले त्याचे दुसऱ्याने एकाग्रतेचे परिश्रम केले, तर मूळ हेतूच नष्ट होतो. म्हणूनच मुखोद्गत शिक्षण, तपासणी आणि पुनःपुन्हा मार्गदर्शन यांचा आग्रह धरला जातो. इगतपुरी येथे १९७६ पासून कार्यरत असलेल्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील नियुक्त आचार्यच विपश्यना शिकवितात. दहा दिवसांच्या शिबिरास शुल्क नाही; तरीही शिकविण्याचा अधिकार मोकळा ठेवलेला नाही. म्हणजे शिस्तीचा आग्रह हा केवळ द्रव्यलोभातूनच येतो, असे म्हणता येणार नाही. उलटपक्षी गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्या अन्य शिष्यांनीही निरनिराळ्या देशांत आपापल्या पद्धतीने शिकविले. एकाच गुरूपासून अनेक स्वतंत्र प्रवाह निघणे हे आपल्याकडे नवे नाही.

महाराष्ट्रात तर मंत्र खुला करण्याची परंपरा रुजलेली आहे. वारकरी संप्रदायाने ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र कोणत्याही दाराआड ठेवला नाही; तो पंढरीच्या वाटेवर सर्वांच्या मुखी दिला. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंद यांनी योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण केले आणि त्यांचे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. गोपनीयता आणि प्रकटता या दोन्ही परंपरा आपल्याच आहेत.

मग शिक्षकाची परीक्षा कशी करावी? चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा पुनःपुन्हा घेतलेला अनुभव, दक्षता आणि शुचिता. आमच्या मते ध्यानशिक्षकासही हीच चतुःसूत्री लावावी. त्याने कोणाकडून व किती काळ शिक्षण घेतले? किती जणांना शिकविले व पुढे त्यांची विचारपूस ठेवली काय? अडचण उद्भवल्यास तो ओळखू शकेल काय? आणि द्रव्य, नाव व दावे यांबाबत तो शुद्ध आहे काय? संस्थेचे प्रमाणपत्र यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. उरलेल्या तीन प्रश्नांचे उत्तर प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. ते आपणासच शोधावे लागते.

जेथे आम्ही चुकलो

हे शहाणपण आम्हांस सहज आलेले नाही. काही वर्षांपूर्वी अनिद्रेने त्रस्त झालेल्या एका तरुणास आम्ही एका स्वतंत्र ध्यानशिक्षकाकडे पाठविले होते. त्यास पूर्वी मानसविकारासाठी औषधे चालू होती, ही गोष्ट कुटुंबीयांनी सांगितली नव्हती. आणि आम्ही विचारली नव्हती. वीस मिनिटांच्या अभ्यासाने बरे वाटते म्हणून तो दिवसातून चार-पाच तास बसू लागला. तिसऱ्या आठवड्यात झोप पूर्णपणे नाहीशी झाली, बोलणे असंबद्ध झाले, भीती वाढली. त्याच्या वडिलांनी शिक्षकास दूरध्वनी केला, तेव्हा ते गाव सोडून अन्यत्र गेल्याचे कळले. ज्या संस्थेत ते पूर्वी होते, त्या संस्थेने हा आमचा विद्यार्थी नव्हे असे सांगितले. अखेर वडील आमच्याकडे आले. कारण चिठ्ठी आमची होती. आम्ही ध्यान त्वरित थांबविले आणि त्यास मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. दोन महिन्यांत तो सावरला. परंतु ‘तुम्ही पाठविले म्हणून गेलो’ हे त्या वडिलांचे वाक्य आमच्या कानी अद्यापही आहे.

ध्यान सर्वांस निरपवाद सुखकर असते, ही समजूत आता टिकणारी नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर समीक्षेत ८३ अभ्यासांचा आढावा घेतला असता, ध्यानाशी निगडित प्रतिकूल परिणामांचे प्रमाण सुमारे ८.३ टक्के आढळले. त्यांत चिंता व विषाद यांची लक्षणे प्रामुख्याने होती. हे प्रमाण पाहून घाबरण्याचे कारण नाही, परंतु विचारपूस न करता रुग्ण पाठविण्यासही ते जागा ठेवीत नाही. विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारली जाते, हे ध्यानी घ्यावे. मात्रा, काल आणि पात्र यांचा विचार न करता दिलेले उत्तम औषधही अहितकर होते, हे आपणास कोणी शिकवावे असे नाही.

व्यवहारासाठी काही सूत्रे

वरील विवेचनावरून वैद्य व औषधालयचालक यांच्यासाठी पुढील सूत्रे सुचवावीशी वाटतात.

१. शिक्षकाचे शिक्षण, परंपरा आणि संस्थेशी असलेला सध्याचा संबंध लेखी घ्यावा. ‘अमुक संस्थेत अमुक वर्षी शिकलो, आज संस्थेशी संलग्न नाही’ हे वाक्य रुग्णासमोर उच्चारण्यास जो कचरतो, त्यास जागा देऊ नये.

२. फलकावर, पत्रकावर वा औषधांच्या वेष्टनावर अन्य संस्थेचे नोंदणीकृत नाव, चिन्ह अथवा मजकूर वापरू नये. ‘मंत्रध्यान वर्ग’ असे साधे वर्णन पुरेसे आहे.

३. रोगनिवारणाचे दावे छापू नयेत. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, हृद्रोग, कर्करोग, उच्च व नीच रक्तदाब यांचा समावेश आहे. आणि चमत्कारिक सामर्थ्याचा दावा केलेल्या ‘जादुई उपाया’च्या व्याख्येत ‘मंत्र’ हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. ध्यानवर्गाच्या पत्रकासोबत आपल्या औषधाची जाहिरात जोडणाऱ्या औषधालयाने हे विशेष लक्षात ठेवावे.

४. प्रवेशापूर्वी पूर्वीचे मानसविकार, अपस्मार, अलीकडील तीव्र शोक, निद्रानाश आणि चालू औषधे यांची विचारपूस वैद्याने स्वतः करावी. उन्माद वा तीव्र विषादाचा पूर्वेतिहास असल्यास मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीवाचून पाठवू नये.

५. चालू औषधे ध्यानाच्या भरवशावर बंद करू नयेत. रक्तदाब व रक्तशर्करा यांची नियमित नोंद ठेवावी आणि मात्रेत बदल करावयाचा तो उपचार करणाऱ्या चिकित्सकानेच करावा.

६. दीक्षेत पूजा अथवा अन्य धार्मिक विधी असल्यास रुग्णास आधी सांगावे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सरकारी शाळांतील भावातीत ध्यानाचे शिक्षण १९७९ च्या अपील निर्णयानुसार बंद राहिले, त्यात या पूजेचा विचार महत्त्वाचा ठरला होता. आपल्याकडे येणारे रुग्ण सर्व धर्मांचे असतात. ‘केवळ शास्त्र’ म्हणून बोलावून विधीस बसविणे उचित नव्हे.

७. शिकविल्यानंतर किमान तीन महिने शिक्षक उपलब्ध राहील, याची हमी घ्यावी आणि त्याच्या अनुपस्थितीत कोणाकडे जावयाचे ते रुग्णास लेखी द्यावे.

८. एकाकी शिक्षकास चुका दाखविणारे कोणी उरत नाही. विमानस्थानात वर्णिलेली तद्विद्यसंभाषा येथेही उपयोगी आहे. परिसरातील स्वतंत्र शिक्षक, वैद्य आणि एखादे मनोविकारतज्ज्ञ यांनी ठरावीक काळाने एकत्र बसून अडचणींची चर्चा करावी.

उपसंहार

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून घोषित केला. ध्यान शिकू इच्छिणाऱ्यांची आणि त्यासोबत शिकविणाऱ्यांचीही संख्या पुढे वाढतच जाणार. त्या सर्वांस एखाद्या संस्थेच्या छत्राखाली आणणे शक्य नाही आणि आमच्या मते आवश्यकही नाही. विद्या कोणा एकाची नव्हे. परंतु संस्था सोडणाऱ्याने संस्थेचे नाव तेथेच ठेवून यावे आणि संस्था जे उत्तरदायित्व वाहत होती ते मात्र सोबत आणावे. व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते. नाव सोबत येते आणि उत्तरदायित्व मागे राहते; सर्व वादाचे आणि अपायाचे मूळ येथे आहे.

आमच्याकडे आलेल्या त्या वयोवृद्ध शिक्षकांसमोर आम्ही वरील आठही सूत्रे ठेवली. पत्रकातील नाव आणि रोगांची यादी काढण्यास ते प्रथम नाखूश होते. ‘नावाशिवाय येणार कोण?’ असे त्यांनी विचारले. आठ दिवसांनी ते परत आले, ते हाताने लिहिलेले चार ओळींचे नवे पत्रक घेऊन. त्यात ते स्वतः कोण, कोठे शिकले, आता संस्थेत नाहीत आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक काय, एवढेच होते. आम्ही त्यांना खोली दिली. पहिल्या रविवारी तिघेच आले. त्या तिघांची प्रकृतीविषयक विचारपूस आम्ही स्वतः केली, त्यांतील एका भगिनीस आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले आणि उरलेल्या दोघांना वर जाण्यास सांगितले. आज वर्ग लहानच आहे. परंतु वर काय चालले आहे हे खालच्या मजल्यावरील वैद्यास ठाऊक आहे आणि खाली कोणते औषध चालू आहे हे वरच्या शिक्षकास ठाऊक आहे. रुग्णाच्या हितास एवढा परस्परपरिचय अत्यावश्यक आहे, असे आमचे नम्र मत आहे. वैद्यबंधुभगिनींनी आपले अनुभव या अंकाच्या निमित्ताने अवश्य कळवावेत. इत्यलम्.